बंद घरातला बल्ब

वीजबिलाच्या रांगेत ती माझ्या पुढे होती. एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकायची, पदराचं टोक बोटाला गुंडाळायची आणि सोडायची. खिडकीशी पोचल्यावर कारकुनाला म्हणाली, "भाऊ, चार महिने मी द्राक्षाच्या बागंत कामाला राह्यले. घराला कुलूप व्हतं. मग हे बिल कशाचं?"

"मिनिमम आहे, बाई. दिवा लावा, नका लावू, भरावंच लागतं. तेवढ्या पैशात एक बारका बल्ब रात्रंदिवस जळला तरी जास्त पडत नाही."

"आन नाय भरलं तर?"

"मीटर काढून नेऊ."

तिने भरलं. जाताना मला म्हणाली, "सातपूरच्या रस्त्याला निळ्या दाराचं घर माझं. पुढल्या खेपंला बल्ब लावूनच जाईन. पैसे घेत्यात, तर घरात कोन हाय असं तरी दिसू दे."

"येडी का काय?" मी म्हटलं.

पुढच्या हंगामात बसमधून पाहिलं, तर निळ्या दाराला कुलूप आणि खिडकीतून आत भर दुपारी पेटलेला बल्ब. आधी हसले. मग रोज मान वळवून बघायची खोड लागली. न जेवता पैसे द्यायचे, तर ताट तरी वाढून घ्यावं, तिचं काही चुकलं नव्हतं.

एक दिवस खिडकीत अंधार दिसला. मीटर नेलं की काय, म्हणून मी मधेच उतरले. मीटर ओट्यावर जागच्या जागी होतं. नुसता बल्ब उडाला होता.

दाराच्या कडीत नवं बिल खोचलेलं होतं.