मारिसेलच्या नेमाची जोडीदारीण

या गं बायांनो, जवळ या. दाराशी उभं राहून कुणी अनुभव ऐकतं का? आणि तो मोबाइल आधी उलटा ठेवा. मागच्या भजनालाही तुमचं अर्धं लक्ष त्याच्यातच होतं, म्हातारीला काय दिसतंय असं समजू नका, मोतीबिंदू काढलाय माझा. नुसतं फोनवर ‘काकू, बऱ्या आहात ना’ विचारायचं आणि चार गल्ल्या सोडून असलेल्या घरी यायचं नाही, ही कुठली रीत? असो. मी काही शिकलेली नाही. चौथीत शाळा सुटली, पुढचं वाचायला वाण्याच्या पुड्यांवरून शिकले. तेव्हा आज भजनात वाचायला म्हणून बोलते तसंच लिहून आणलंय. चुका दिसल्या तर पोटात घाला, पण मधेच उठून जाऊ नका.

आमचे हे गेले त्यानंतरची गोष्ट. बोरिवलीतली आमची इमारत जुनी, लिफ्ट नाही, मी तिसऱ्या मजल्यावर. हे जाऊन महिनाही झाला नसेल, दुधाची पिशवी घेऊन वर येताना पाय घसरला आणि मनगट मोडलं. मनगट जुळलं हो, पण आत काहीतरी तसंच मोडलेलं राहिलं. दार उघडून जिन्याकडे पाहिलं की छातीत धडधड व्हायची, तळव्यांना घाम सुटायचा. डॉक्टर म्हणाले, ‘आजी, पाय तुमचे ठणठणीत आहेत, भीती बसलीय.’ भीती बसलीय हे मलाही कळत होतं, पण तिला उठवायचं कसं ते काही त्यांनी लिहून दिलं नाही. मग मी बाहेर जायचंच सोडलं. वाणी सामान वर पाठवायचा. मुलगा गोरेगावला, रविवारी यायचा, म्हणायचा, ‘आई, तू आमच्याकडेच राहायला चल.’ मी नको म्हणायचे, कारण त्याच्याकडे जायचं तरी जिना उतरावाच लागणार होता.

संध्याकाळी दिवा लावताना मी गावच्या देवीला, आमच्या आईला, एकच सांगायचे, आता मला उचल. दुसरं काही मागणंच उरलं नव्हतं. भांडायचेही तिच्याशी. तुझ्या पायाशी लहानाची मोठी झाले, लग्न झालं तेव्हापासून तुझे मंगळवार धरले, आणि आता साधं एवढं ऐकत नाहीस? मंगळवार मात्र मी सोडला नव्हता. मन कितीही विटलं तरी उपास मोडायला हात धजत नाही, हे तुमच्यातल्या नेम करणाऱ्या बायकांना सांगायला नको.

त्याच सुमारास समोरच्या फ्लॅटमध्ये दोन मुली भाड्याने आल्या. ख्रिस्ती धर्मसेविका, मिशनरी म्हणतात ना, तशा. एक आफ्रिकेतली, उंच, शांत. दुसरी फिलिपिन्सची, नाव मारिसेल. वय आमच्या नातीएवढं, बावीस-तेवीसचं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या नलूताई लगेच आल्या सावध करायला. ‘काकू, दार उघडू नका हं त्यांना. गोड बोलून बाटवतात.’ मी म्हटलं, ‘अगं, मला बाटवून त्यांना मिळणार काय? एक मधुमेह आणि दोन गुडघे.’ पण खरं सांगते, मीही आधी दार किलकिलं करूनच बघायचे.

बघता बघता त्यांचा दिवस मला पाठ झाला, कारण माझ्या दिवसात तर काही घडतच नव्हतं. उजाडताच उठायच्या. आधी प्रार्थना, मग बायबल, मग मराठीचा अभ्यास. ‘मी जाते, तू जातेस, ती जाते’ असं घोकताना भिंतीपलीकडून ऐकू यायचं, आणि ‘ळ’ आला की दोघी हसत सुटायच्या. मग छातीवर नावाची पट्टी लावून बाहेर. कुणाच्या दारात धर्म सांगत फिरायच्या नाहीत. त्यांच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, जी घरं आहेत, कुणी आजारी, कुणी एकटं, तिथे जायच्या. भांडी घासून द्यायच्या, मुलांचा अभ्यास घ्यायच्या. सिनेमा नाही, टीव्ही नाही, घरी फोन आठवड्यातून एकदाच, सोमवारी. सोमवारी सुट्टी म्हणजे काय, तर बादल्या भरभरून कपडे धुवायचे. आपला चातुर्मास चार महिन्यांचा, पोरींनी दीड वर्षाचा धरला होता. रस्त्यात टपोरी पोरं मारिसेलला ‘ए चायनीज’ म्हणून ओरडायची. ती हसून पुढे जायची आणि घरी येऊन जरा जास्त वेळ तोंड धुवायची.

पहिल्यांदा समोरासमोर आलो तेव्हा तिनं माझा हात धरून वर उचलला. मला वाटलं ही आता त्या सिनेमातल्यासारखा पापा घेणार, म्हणून मी हात झटकला. बिचारी लाल झाली. मग खुणेनं समजावलं की त्यांच्याकडे थोरांचा हात आपल्या कपाळाला लावून आशीर्वाद घेतात. मी म्हटलं, मग आधी नाही का सांगायचं, आणि दोन्ही हात तिच्या डोक्यावर ठेवले. त्यानंतर आमचं जमलं. तिच्या गावीही समुद्र, नारळ, भात, सुकी मासळी. माझ्याकडचा सुक्या बांगड्याचा वास आला की समोरचं दार आपोआप उघडायचं.

मग एके दिवशी त्या उंच मुलीचे वडील घरी अत्यवस्थ झाले आणि ती परत गेली. तिच्या जागी येणारी मुलगी व्हिसाच्या कागदांत अडकली. आणि मारिसेलचा सगळ्यात मोठा नियम असा, की एकटीनं घराबाहेर पडायचं नाही, कायम दोघींनी जायचं. संध्याकाळी मंडळीतली एक नोकरी करणारी मुलगी तिच्याबरोबर जायला यायची, पण दिवसभर ही आत कोंडलेली. समोरासमोरच्या दोन घरांत आम्ही दोघी, एक भीतीनं बसलेली, एक नियमानं.

एका मंगळवारी सकाळी तिनं बेल वाजवली. डोळे सुजलेले. हातात पिशवी, पिशवीत साबण, पंचा, खोबरेल तेल. गोराईला त्यांच्या मंडळीतली एक म्हातारी होती, एलिझाबाय. अंथरुणाला खिळलेली. तिचा मुलगा होडीवर जायचा, सून कंपनीत. मंगळवारी आणि शुक्रवारी ह्या दोघी जाऊन तिला अंघोळ घालायच्या, केस विंचरायच्या. मागच्या शुक्रवारी कुणी गेलं नव्हतं. मारिसेल म्हणाली, ‘आजी, तुम्ही येता? दोन पाहिजे. एक चालत नाही. मी चर्चच्या पाळकांना विचारला. ते बोलले, कोणी पण चांगली बाई चालेल.’

मी म्हटलं, ‘बये, मला जिना उतरवत नाही. तू जा एकटी. कोण बघतंय?’

तिनं मान हलवली. ‘मी देवाला बोलून आली आहे,’ म्हणाली. ‘असं करीन. दीड वर्ष. मोडणार नाही.’ आणि पिशवी छातीशी धरून आपल्या दाराकडे वळली.

देव तिचा वेगळा, मंत्र वेगळा, पण हे मला ओळखीचं होतं. नेम काय असतो ते मला माहीत होतं. कुणाचा नेम आपल्यामुळे अडला तर त्याचा बोल आपल्याला लागतो, असं माझी सासू सांगायची. तिथे म्हातारी पारोशी पडलेली, इथे ही पोर नेमाला बांधलेली, आणि मधे मी. मला धीर आला असं मी म्हणणार नाही, भीती होती तिथेच होती. पण देव्हाऱ्यासमोर उभी राहिले तर तोंडातून नेहमीचं ‘उचल मला’ आलंच नाही. म्हटलं, ‘आई, हिचा नेम राहू दे. माझं काय करायचं ते तू बघ.’ आणि पायात चपला घातल्या.

मारिसेल माझ्या पुढे एक पायरी खाली, तोंड माझ्याकडे करून उलटी उतरत होती, दोन्ही हात पुढे धरून, जसं आपण चालायला शिकणाऱ्या पोराला घेतो. मधल्या मजल्यावर नलूताई कचऱ्याचा डबा घेऊन उभ्या. ‘अगं बाई, काकू? कुठे निघालात?’ मी म्हटलं, ‘बाटायला.’ त्या हसल्या, मी हसले, आणि हसता हसता पुढच्या पायऱ्या उतरून झाल्यासुद्धा.

रिक्षानं गोराईच्या धक्क्यावर गेलो. ओहोटी होती, बोट खाली गेलेली, पायऱ्या शेवाळलेल्या. तिथे मात्र माझं सगळं अवसान गेलं. मागे माणसं, स्कूटरवाले, कुणीतरी ओरडलं, ‘आजी, पटपट चला ना यार.’ मी कठड्याला घट्ट धरून उभी. पाय उचलेना. मारिसेलनं मला ओढलं नाही. ती शेजारी नुसती उभी राहिली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटत. तेवढ्यात बोटीतला एक माणूस वर आला. अंगात भगवा बनियन, दाढी वाढलेली, कधी पाहिलेला नाही. मागच्या लोकांना म्हणाला, ‘थांबा रे, बोट माझी आहे, मी सांगेन तेव्हा सुटेल.’ आणि मला म्हणाला, ‘मावशी, खाली बघू नका, माझ्याकडे बघा. माझी आय पण अशीच करायची.’ दोघांनी मिळून मला उतरवलं, फळीवर बसवलं. पैसे द्यायला लागले तर तो इंजिनाकडे निघूनही गेला होता. पुढे मी त्या बोटीनं किती वेळा गेले, तो माणूस मला परत दिसला नाही. कुणाला विचारलंही नाही. विचारून काय करायचं?

एलिझाबाय खाटेवर पडल्या पडल्याच करवादली, ‘ही कोण आणलीस गं? नवी मिशनरी? यापेक्षा जुनी नव्हती काय तुमच्याकडं?’ मी पण कमी नाही. म्हटलं, ‘होती, पण ती उठत नव्हती, अशीच खाटेवर पडून बोलत होती.’ ती अशी हसली की खोकलाच लागला. आम्ही दोघींनी तिला अंघोळ घातली. मारिसेल पाय पुसत होती, मी केसांना तेल लावत होते. म्हातारी कोळंबी खारवण्यापासून नवऱ्याच्या दारूपर्यंत सगळं बोलत सुटली, थांबेच ना. निघताना माझा हात धरून म्हणाली, ‘बाय, ह्या पोरी लय चांगल्या. अंघोळ घालतात, प्रार्थना करतात. पण मी बोलायचं कोनाशी? त्यांना माझं समजत नाय. मी येशूला रोज सांगते, एक मानूस धाड, नुसतं बोलायला.’

येताना बोटीत माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. मी इकडे रोज संध्याकाळी म्हणत होते, मला आता इथे काही काम नाही, ने. आणि खाडीपलीकडे कुणीतरी रोज म्हणत होतं, एक माणूस पाठव. तिनं तिच्या देवाला सांगितलं, मी माझ्या आईला. कुणी कुणाचं ऐकलं याचा हिशेब मला येत नाही, आणि मी करतही नाही. एवढंच कळलं, की मी देवीला सांगत होते काय करायचं ते, आणि तिचं म्हणणं ऐकायला कधी थांबलेच नव्हते.

पुढे काही आठवडे मी मारिसेलची जोडीदारीण होते. गुडघ्यांनी तक्रार केली, मी ऐकली नाही. आमचा मुलगा एकदा शुक्रवारीच आला तर घराला कुलूप, घाबरून फोन, ‘आई, कुठे आहेस?’ मी म्हटलं, ‘कामावर.’ एका सोमवारी मारिसेलनं फोनवर तिच्या आईला मला दाखवलं. भाषा कुठली येणार, ती बाई नुसती डोळे पुसत हात जोडत राहिली, मीही जोडले. पोर परमुलखात टाकून बसलेल्या आईला धीर द्यायला शब्द लागत नाहीत.

मग व्हिसात अडकलेलीच्या ऐवजी दुसरीच मुलगी आली, मिझोरमची. मारिसेलला जोडी मिळाली, आणि लगेच दोघींची बदलीही झाली, दुसऱ्या शहरात. सामान गेलं, समोरच्या दाराला कुलूप लागलं. त्या रात्री मला झोप नाही. आता कुणाचा नेम सांभाळायचा होता? सकाळी शुक्रवार. दार उघडलं, जिना बघितला, आणि काय सांगू, तीच धडधड, तोच घाम. वाटलं, झालं, संपलं, आले तशीच मागे वळले मी. दार लावायला हात गेला. पण मनात आलं, तिकडे एलिझाबाय तेलाची बाटली उशाशी घेऊन वाट बघत असेल, आणि कुणी आलं नाही की देवाला शिव्या घालेल. म्हटलं, आई, धीर देऊ नकोस हवा तर, पण पाय तुझ्या हवाली. कठडा धरला आणि बसत, थांबत, उतरले. एकटीच. धक्क्यावर भरती होती, बोट वर आलेली, नुसता पाय उचलून ठेवायचा होता.

बायांनो, शरण जाणं म्हणजे डोळे मिटून पडून राहणं असं मला वाटायचं. तसं नसतं हो. भीती जात नाही, दुखणं जात नाही, जिना आहे तेवढाच उंच राहतो. आपण फक्त ‘मला हे दे, मला ते नको’ म्हणणं थांबवायचं आणि पाय देवाच्या हाती द्यायचे. त्या परक्या पोरीनं मला एक शब्द उपदेशाचा केला नाही. तिनं तिचा नेम पाळला, त्यात माझं कल्याण झालं. तिच्या आईचं, तिच्या देवाचं आणि माझ्या आईचं ऋण मी मानते, आणि ते फिटू नये असंच वाटतं.

तर आता लवकर घरी या सगळ्या. बांगडा करीन, उपास असेल तर साबुदाणा. पण आधी फोन करून या गं. मंगळवारी आणि शुक्रवारी मी घरी नसते.