आतल्या खिशातला ठराव

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, मुलापाशी नाही. तुम्हाला लिहून सांगतोय — का, ते मलाही नीट ठाऊक नाही.

मी चौथी शिकलेला शिंपी. बार्शीहून जयपूरला आलो, राजा पार्कात दुकान टाकलं. इथल्या आमच्या मराठी मंडळाचा अकरा वर्षं अध्यक्ष आहे. बाकी सगळे बँकेतले, विम्यातले साहेब लोक. तीन वर्षं राहतात, बदली होते, जातात. मी राहतो. गणपतीचा मांडव असो की पोलिसांची परवानगी — माझ्याशिवाय पान हलत नाही. गर्व आहे मला. का नसावा?

तर — एका रविवारी दुकानात उशीर झाला. लग्नसराई, शेरवान्यांची घाई. बैठकीला पोचलो तर कमिटीनं ठराव करूनही टाकलेला: पोरांसाठी दर रविवारी मराठीचा वर्ग. शिकवणार शुभांगीताई, विम्यातल्या एका साहेबांची बायको. ठराव चांगला होता. पण माझ्यासाठी कुणी थांबलं नाही. नुसता कागद पुढे सरकवला — काका, इथं सही.

"अध्यक्ष काय नुसता सहीला ठेवलाय?" मी विचारलं.

सेक्रेटरी हसला. "काका, राष्ट्रपतींचंही तसंच असतं. संसदेनं कायदा केला की सही. फार तर एकदा परत पाठवायचा. पुन्हा आला, की नाही म्हणता येत नाही."

"आणि सही किती दिवसांत करायची?"

"ती मुदत कुठं लिहिलेली नाही, बघा. आपल्या मंडळाच्या घटनेतही नाही."

तो चहा पिता पिता गमतीत बोलला. मी मात्र माप घ्यावं तसं नीट घेतलं.

ठराव परत पाठवला — वर्गाची जागा लिहिलेली नाही म्हणून. महिन्याभरात जागा लिहून आला: इथल्याच झालाना भागातला एक हॉल. आता सही करायचीच होती. मी कागदाची घडी घातली आणि जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवली. खिसा मीच शिवलेला, चांगला खोल. कुणी विचारलं की म्हणायचो — विचाराधीन आहे. काय शब्द आहे! भले भले साहेब गप्प व्हायचे.

रागानं केलं म्हणू? राग पंधरा दिवसांत ओसरला होता. मग उरली ती चव — एवढी शिकलेली माणसं माझ्या एका घडीपायी थांबलीत, याची.

मंडळाची सहल कानोता धरणावर गेली, तिथं शुभांगीताई शेजारी येऊन बसल्या. मुळाक्षरांचे तक्ते त्यांनी हातानं रंगवून ठेवले होते. "काका, मुलं विचारतात, मतलब, वर्ग कधीपासून?" मी पाण्याकडं बघत तेच म्हणालो — विचाराधीन आहे. कागद छातीशीच होता. हातही तिथंच गेला होता माझा. त्यांना दिसला असेल का?

मी वाट बघत होतो बदल्यांची. उन्हाळ्यात ऑर्डरी निघाल्या. सेक्रेटरी गेला, पाठोपाठ सगळी कमिटी गेली. शुभांगीताईंच्या साहेबांना भोपाळ मिळालं. जाण्याआधी त्या तक्ते घेऊन दुकानात आल्या. पुढं कुणी शिकवलं तर कामी येतील, म्हणाल्या. एका शब्दानं बोलल्या नाहीत मला. मी चहा मागवला, आणि अध्यक्षाच्या आवाजात म्हणालो — मंडळ जपून ठेवील.

नव्या कमिटीनं पहिल्याच बैठकीत विचारलं, आधीचा काही विषय बाकी आहे का?

मी म्हणालो, नाही.

अध्यक्ष अजून मीच आहे. कागद अजून त्याच जाकिटात आहे. त्याला जोडलेल्या पोरांच्या यादीत माझ्या नातीचंही नाव आहे — तिसरं. ती माझ्याशी हिंदीत बोलते. हे लिहिलेलं उद्या तिच्या हाती लागलं, तर अक्षरं ती सगळी वाचेल. अर्थ मात्र तिला मलाच विचारावा लागेल.