कोरे सर आणि सीताफळ बावीस

पाटोद्याच्या पेठेत खताच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर बसवेश्वर कोरे यांचा टायपिंगचा क्लास आहे. वय पंचेचाळीस, कपाळाला भस्म, आवाज हळू. गाव त्यांना कोरे सर म्हणतं. आधी खडखडणारी मशीनं होती. पुढं परीक्षा संगणकावर आली तशी सरांनी मशीनं विकली आणि आठ संगणक मांडले. पोरापोरींची बोटं कुठं ठेवायची, अंगठा कधी वापरायचा, चूक झाली तरी मागं न बघता पुढं कसं जायचं, हे शिकवण्यात त्यांची एकवीस वर्षं गेली.

सरांना एकच खोड. एखादी गोष्ट का होते हे कळल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. पंखा उलटा फिरला तर तो का फिरला हे कळेपर्यंत ते स्टुलावरून उतरायचे नाहीत. त्यांच्या बायकोला, रुद्राणीला, या खोडीची आता सवय झाली होती.

तीन वर्षांपूर्वी बीडमधला एक नेट कॅफे बंद पडला, तेव्हा सरांनी तिथला एक जुना संगणक आणला. त्यात कुणीतरी मारामारीचा गेम टाकून ठेवला होता. दोन गडी समोरासमोर उभे राहतात, लाथा-बुक्क्या घालतात, ज्याची ताकद आधी संपेल तो हरला. सर तो काढून टाकणारच होते. काढण्याआधी काय आहे ते बघावं म्हणून उघडला, आणि दुपारचा चहा गार झाला.

संगणकाच्या गड्याला त्यांनी आठवड्यात चीत केलं. मग कळलं, की इंटरनेटवरून खऱ्या माणसांशीही खेळता येतं. सरांनी खातं उघडलं आणि पहिल्या दिवशी एकोणीस डाव हरले.

याचंच त्यांना नवल वाटलं. मिनिटाला साठ शब्द मारणारी बोटं, एकही कळ चुकत नाही, आणि तरी हार? वहीत लिहून काढलं, यूट्यूबवरचे धडे पाहिले. एका सेकंदाचे साठ तुकडे होतात, प्रत्येक फटक्याला त्यातले ठरलेले तुकडे लागतात, फटका अडवला गेला की कोण आधी हलणार हेही ठरलेलं असतं, हे सगळं पाठ केलं. तरी हार काही सुटेना. पाटोद्यात विचारायचं कुणाला? बरोबरीच्या दुकानदारांना सांगून पाहिलं तर ते हसले, आणि एकजण म्हणाला की सर, या वयात लेकराबाळांचे खेळ बरे नव्हेत.

शेवटी त्यांनी रुद्राणीलाच बसवलं. एकाच कीबोर्डवर डावीकडं ती, उजवीकडं हे. तिनं एक जाडजूड, मिशीवाला गडी निवडला आणि दोन-तीन दुपारी निमूट मार खाल्ला. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "अवो, तुमी माझ्या गड्याकडं बघतच न्हाईत. सोताच्याच गड्याकडं बघत बसता."

सरांनी कळांवरची बोटं उचलली. खरंच होतं ते. टायपिंगचा उतारा कधी उलटून बोलत नाही. तुम्ही 'क' मारला म्हणून पुढचं अक्षर आपली जागा बदलत नाही. इतकी वर्षं ते कधीही न बदलणाऱ्या मजकुराशी झटत होते. इथं समोर जिवंत माणूस होता आणि तो यांना वाचत होता. त्या दिवसापासून सर समोरच्याकडं बघायला शिकले. दहा डावांत तीन-चार जिंकू लागले.

अडचण दुसरीच होती. समोरचा कधी बंगळूरचा, कधी दुबईचा, कधी कुठल्या बेटावरचा. सरांनी कळ दाबली की ती तिकडं पोचायला वेळ लागायचा. तो वेळ गेम आकड्यात दाखवायचा. सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले किती गेले, असा. साठ, नव्वद, कधी दीडशे. म्हणजे सर जे बघत होते ते होऊन गेलेलं असायचं. जवळपासचं कुणी भेटेल तर खरं काय ते कळेल, असं त्यांना फार वाटायचं.

गेल्या दिवाळीनंतर एका दुपारी समोर नवीन नाव आलं. इतरांची नावं वाघ, यम, खुनी अशी. याचं नाव होतं सीताफळ बावीस. आणि उशिराचा आकडा होता नऊ.

सरांनी चष्मा पुसून परत पाहिलं. नऊच. डाव सुरू झाला, सरांचा गडी तीनदा पडला आणि डाव संपला. सर ओळीनं बारा वेळा हरले आणि बाराही वेळा त्यांचं लक्ष त्या आकड्यावर होतं. आपल्या बालाघाटाच्या डोंगरात सीताफळांना तोटा नाही. बंगळूरचा माणूस असलं नाव कशाला घेईल?

दुसऱ्या दिवशी त्यांनी आश्रुबाला गाठलं. आश्रुबा खांबांवरून इंटरनेटची वायर ओढणारा. त्यानं सांगितलं की एवढा कमी आकडा म्हणजे गिऱ्हाईक आपल्याच कंपनीच्या वायरवर असणार. बीड, केज, गेवराई, कुठंही. कोण ते त्याला माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी सांगितलं नसतं, हेही त्यानं सरळ सांगून टाकलं. सरांना ते पटलं.

मग सरांनी गेममधूनच निरोप धाडला : आपण कोण, कुठले, भेटू या का? उत्तर आलं नाही. परत धाडला. तरी नाही. उलट आठ दिवस सीताफळ बावीसचा पत्ताच नव्हता. सरांना चुटपुट लागली. आपलं काय चुकलं, हे त्यांनी रुद्राणीला विचारलं. तिनं निरोप वाचला आणि कपाळाला हात लावला.

"ती बाई असली तर?" ती म्हणाली. "अनोळखी माणूस कोण, कुठली, भेट म्हणतोय. मी असते तर मीबी दार लावून घेतलं असतं."

हे सरांच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग रुद्राणीनं सांगितलं आणि सरांनी टाइप केलं : मी पाटोद्याला टायपिंग क्लास चालवतो. माझं चुकलं, माफ करा. सोबत खेळायला इथं कुणी न्हाई, म्हणून विचारलं. उत्तर न्हाई दिलं तरी चालंल. खेळत ऱ्हावा. खाली तिनं आपलं नाव घालायला लावलं : बसवेश्वर व रुद्राणी कोरे.

पाच दिवसांनी दुपारी दोनच्या सुमारास उत्तर आलं. त्यात नाव नव्हतं, गाव नव्हतं. एवढंच होतं : "तुम्ही पडल्यावर उठताना दर वेळी लाथ मारता. मारू नका. थांबा."

सर थांबले. पडल्यावर उठले आणि काहीच केलं नाही. समोरचा गडी लाथ अडवायच्या बेतानं उभा होता. लाथ आलीच नाही, आणि त्या क्षणभरात सरांना मोकळी जागा मिळाली. सीताफळ बावीसविरुद्धचा तो त्यांचा पहिला विजय. खाली निरोप आला : "आसं."

पुढं दोन महिने त्यांचं बोलणं खेळापुरतंच होत राहिलं. ही लाथ कशी अडवायची, ती उडी कुठून ओळखायची. दुपारी एक ते चार एवढीच वेळ. सर तर्क लढवत. दुपारी मोकळं असणारं माणूस कोण? शिक्षक नव्हे, दुकानदार नव्हे. रुद्राणी म्हणायची, लावा डोकं, पण विचारू नका. सर विचारत नसत. मग एकदा तिकडूनच लिहून आलं की मी वनमाला, नांदूरघाटची, दूध संकलन केंद्रावर फॅट तपासते, सकाळ-संध्याकाळ काम, दुपार रिकामी. बाजारच्या दिवशी पाटोद्याला आले तर तुमच्या मालकीण असतील का?

ती आली ती मांजरसुंब्याला गाडी बदलून, आईला सोबत घेऊन. आई बायनाबाई नाकासमोर चालणारी, शेतात राबलेली बाई. तिनं आधी क्लासच्या खोलीचे चारी कोपरे पाहिले, भिंतीवरचा बसवण्णांचा फोटो पाहिला, रुद्राणीच्या हातचा चहा घेतला आणि मग बाकावर टेकली. वनमाला एकतीस वर्षांची, सडपातळ, बोलायला संकोची. भाऊ परदेशी कामाला जाताना गेमचं यंत्र घरी ठेवून गेला, तेव्हापासून सहा वर्षं ती एकटीच खेळत होती. घरी सगळ्यांना वाटायचं की ती संगणकाचं काहीतरी शिकते. असला खेळ खेळणारं माणूस तिनं डोळ्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

तिनं पिशवीतून एक लाकडी पेटी काढली. पोळपाटाएवढी, वर बारा गोल बटणं. परदेशातले खेळाडू असली पेटी वापरतात हे तिनं पाहिलं होतं. विकत घ्यायची म्हटलं तर परवडेना, म्हणून नांदूरघाटच्या सुताराकडून खोकं करून घेतलं, बटणं मागवली आणि तारा स्वतः जोडल्या. सुतारानं विचारलं होतं, हे कशाचं? तिनं सांगितलं होतं, दुधाच्या मशीनचं. सरांनी पेटी उलटी करून आतल्या तारा पाहिल्या, आणि मूळ कामाला लागायला अर्धा तास उशीर झाला.

मग दोघं शेजारी बसून खेळले. उशीर शून्य. सरांना वाटलं होतं की आता फक्त चित्र चटपटीत दिसेल. झालं भलतंच. त्यांना तिच्या बटणांचा आवाज ऐकू यायला लागला. मोठी उडी घेण्याआधी तिचं एक बटण दोनदा टकटक वाजायचं. सरांनी ते हेरलं आणि उडी हवेतच अडवली. वनमालानं वळून त्यांच्याकडं पाहिलं.

"ऐकलं तुमी," ती म्हणाली.

"ऐकलं," सर म्हणाले.

"मग माझंबी ऐका. लाथ मारायच्या आधी तुमी श्वास वढता. मला मघापासनं ऐकू येतोय."

रुद्राणी तोंडाला पदर लावून हसली. बायनाबाईला काही कळलं नाही, पण आपली लेक परक्या घरात एवढं बोलतीये हे तिनं पाहिलं. जाताना तिनं रुद्राणीला विचारून घेतलं की पुढच्या बाजारालाबी यावं का.

त्या उन्हाळ्यात पुण्याला या खेळाची स्पर्धा होती. रुद्राणी आणि बायनाबाईसकट चौघं गेले. हॉलमधे चाळीसच्या वर खेळाडू, बहुतेक विशीतले. दोनदा हरलं की बाहेर, असा नियम. सर पहिले दोन्ही सामने हरले आणि तासाभरात बाहेर झाले. थांबायचं सोडून ते परत परत लाथा मारत सुटले होते. वनमालाची लाकडी पेटी पाहून आधी दोघा-तिघांनी तोंड फिरवून हसून घेतलं. तिनं तीन सामने जिंकले तेव्हा तेच पेटी हातात घेऊन बघायला आले. चौथ्यात ती पडली, पाचव्यातही पडली. नववी आली. एका मुलानं विचारलं की तुमच्याकडं खेळणारे किती आहेत, तुम्ही सराव कुणाबरोबर करता?

"पाटोद्याला सर हायेत," ती म्हणाली. "आन बाई हायेत."

परतीच्या गाडीत चौथ्या सामन्यातल्या एका फटक्यावरून तिची आणि सरांची नगर येईपर्यंत हुज्जत चालली. बायनाबाई खिडकीला डोकं टेकून झोपली होती.

हल्ली बाजारच्या दिवशी दुपारी क्लासमधे खेळायला चौथं माणूस येतं. सुग्रीव म्हणून शिरूरकडचे एक कृषी सहायक आहेत. कुठून तरी ऐकून आले. त्यांना काहीच येत नाही. सगळी बटणं एकदम दाबतात, आणि तरी दहातले चार डाव सरांकडून घेऊन जातात. माणूस काय करणार आहे हे त्याचं त्यालाच ठाऊक नसेल तर त्याला वाचायचं कसं? सरांनी त्यासाठी नवी वही घातली आहे. वनमालाचं म्हणणं, वही मिटा आणि नुसतं अडवत ऱ्हावा. सरांना ते पटत नाही. त्यातही काहीतरी नियम असणारच, असं त्यांचं म्हणणं आहे.