उद्घाटनाची कॅसेट

सातवी अर्धवट सोडून जालन्याकडून कर्जतला आलो तेव्हा मला फक्त ओझी उचलता येत होती. शेठनी कॅसेटच्या दुकानात ठेवून घेतलं आणि त्यांच्या आईनं स्वतःच्या ताटाशेजारी माझं ताट मांडलं. त्या घरचं अन्न खाऊन मी माणसात आलो, हे आधी लिहून ठेवतो.

दुकान एका गाळ्याचं. लोक गाण्यांची यादी आणत, आम्ही कोऱ्या कॅसेटवर भरून देत असू. एका दुपारी म्हातारी आमचा डबा घेऊन आली, तर शेठनी तिला टेपसमोर बसवलं. "आई, भात लावताना म्हणतेस ती गाणी म्हण." तिनं म्हटली. बटणं मी दाबत होतो. शेवटी माझ्याकडं वळून ती म्हणाली, "बंद झालं का रं?"

तेही टेपवर आलं.

वर्षभरात ती गेली. वर कुणी दुसरं काही भरू नये म्हणून शेठनी कॅसेटच्या मागचा प्लास्टिकचा तुकडा मोडला. नाव मात्र लिहिलं नाही. हात होईना. ऐकायचंही धाडस त्यांनी केलं नाही.

पुढं लग्नसराईत कोऱ्या कॅसेटी संपल्या. कडावचं गिऱ्हाईक हळदीच्या गाण्यांसाठी दारात उभं. तुकडा मोडलेला असला तर भोकावर चिकटपट्टी लावायची, की कॅसेट पुन्हा भरते. खणातली एक बिननावाची कॅसेट घेतली, पट्टी लावली. चार गाणी भरली आणि तपासायला थोडी पुढं सोडली, तर आतून म्हातारी बोलली, "बंद झालं का रं?"

गिऱ्हाईकाला उद्या या म्हटलं. हळदीची गाणी पुसली, पट्टी सोलून काढली, कॅसेट होती तिथं ठेवली. आता तिच्यात नुसती खरखर, आणि शेवटी तो प्रश्न.

मग गाणी सीडीत गेली, सीडीतून मोबाइलात. आम्ही टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन विकू लागलो. नेरळला दुसरं दुकान निघालं. शेठ म्हणाले, नव्या दुकानात पहिला आवाज आईचा. मी बटण दाबलं. खरखर. लोक चुळबुळले. मला वाटलं, आता आपलं संपलं. शेठ डोळे मिटून उभे होते.

"टेप जुनी झालीय," ते म्हणाले. "पण पुढं पळवू नको. ती बसलीय तिथं. बोलंल."

तेव्हापासून तो नेमच पडला. चौक गावात, खोपोलीत, जिथं दुकान निघेल तिथं माणसं नव्या टीव्हींसमोर पंधरा मिनिटं त्या खरखरीत उभी राहतात. माझ्या हाताखाली आज माणसं आहेत, घर आहे. पण दुकान मिटताना भिंतीवरचे टीव्ही एकेक करून काळे होतात आणि शेवटच्या टीव्हीला माझा हात अडतो. कुणीतरी विचारणार असं वाटतं.

यंदा खालापूरचं दुकान. शेठचा मुलगा म्हणाला, "बाबा, कंपनीची माणसं येणार. खरखर कापून टाकू, नुसतं वाक्य ठेवू."

शेठ माझ्याकडं वळले. "ती काय गायली होती रं? मला आता आठवत नाय. तू होतास तिथं."

काहीही ठोकून देता आलं असतं. त्यांना खरंच वाटलं असतं. पण माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं, कडावच्या गिऱ्हाईकासकट.

त्यांनी माझ्या हातांकडं बघितलं.

"चिकटपट्टी," ते म्हणाले. "ती मीच शिकवली तुला." मग मुलाला, "काय कापू नको." आणि मला, "उद्घाटनाला टेपपाशी उभा राहू नको. माझ्याशेजारी बस."

बसलो. खरखर सुरू झाली. तिचं एकही गाणं मला आठवत नव्हतं. दोन गाण्यांच्या मधे ती पदरानं नाक पुसायची, तेवढंच आठवत होतं. मग तो प्रश्न आला.

शेठनी माझं मनगट धरलं.

"सांग ना तिला," ते म्हणाले. "तुलाच विचारतीय."

टेप पुढं फिरत राहिली, आणि ती बंद करायला कुणीच उठलं नाही.