न मागितलेलं पाणी

तिला सगळे निळीबाई म्हणत. कपड्यांना नीळ देता देता बोटांच्या पेरांत मुरलेला रंग सुट्टीच्या दिवशीही जात नसे. चर्चच्या मागे एक लांबट खोली होती, तिथं तिचं काम चाले. सिमेंटचे दोन हौद, एक जड इस्त्री, उन्हात बांधलेली दोरी. वेदीवरची कापडं, फादरांचे झगे, मिस्साच्या उपासनेत प्याला पुसायचे छोटे रुमाल, सगळं तिच्या हातून जायचं. त्या रुमालांचं पहिलं पाणी गटारात सोडायचं नसतं. प्याल्यातल्या पवित्र द्राक्षारसाचा एखादा थेंब त्यात उतरलेला असू शकतो, म्हणून ते मातीत ओततात. हे तिला आईनं शिकवलं. आईनं आणखी एक गोष्ट शिकवली होती: ख्रिस्तसभेबाहेर तारण नाही. पहिली गोष्ट निळीबाईनं जन्मभर पाळली. दुसरीशी तिनं लग्न करतानाच भांडण उकरून काढलं.

कारण नवरा सभेबाहेरचा होता. त्याचा धर्म वेगळा, त्याच्या घराण्याचा देव वेगळा. नाक्यावर त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि लोक त्याला पंक्चरवाला म्हणत. लग्न चर्चमध्येच झालं, बिशपांची परवानगी काढून. तिच्या श्रद्धेच्या आड येणार नाही, असा शब्द त्यानं दिला होता, आणि तो पाळलाही. मुलीचा बाप्तिस्मा झाला तेव्हा नवे बूट घालून तो पहिल्या बाकावर बसला होता. स्वतः मात्र जसा होता तसाच राहिला. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी आतल्या खोलीतल्या खिडकीशी उभा राही, डोळे मिटी आणि वाडवडिलांचे शब्द पुटपुटे. दार उघडंच असे. ती स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज कमी करी.

“झालं का देवाशी बोलून?”

“झालं. तुझी तक्रार केली.”

“काय म्हणाला मग?”

“म्हणाला, माझीही तीच आहे, पण सांगणार कोणाला?”

संसार असा चालला होता. मग एका थंडीत त्याच्या छातीत कफ भरला, ताप डोक्यात गेला आणि त्याला दवाखान्यात हलवावं लागलं. तोंडावर प्राणवायूचा मुखवटा, हाताला सलाईन. त्याला शुद्ध नव्हती. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली आणि “बघू या” म्हणाल्या. दवाखान्यात हे दोन शब्द ज्या सुरात म्हटले जातात, तो सूर निळीबाईला कळत होता. मुलगी गावाहून निघाली होती, पण वाटेतच होती.

दुपारची वेळ. शेजारच्या खाटेवरच्या रोग्याची माणसं जेवायला गेली होती. कोणी मरणाच्या दारात असेल आणि पाद्री जवळ नसेल, तर कोणीही बाप्तिस्म्याचा स्नानसंस्कार करू शकतं, हे ती लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकली होती. ती उठली. पेल्यात पाणी होतं. दोरीवरचा कपडा चोरणाऱ्यानं घराकडे बघावं तसं तिनं दाराकडे बघितलं. मग त्याच्या कपाळावर थोडं थोडं करून तीनदा पाणी सोडलं आणि ओठातल्या ओठात म्हणाली, “मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं स्नान घालते.” लग्नानंतर तिनं त्याला पहिल्यांदाच अरेतुरे केलं होतं. पदरानं कपाळ टिपलं आणि खाली बसली. मन कपड्याच्या घडीसारखं सपाट झालं होतं. आता काहीही होवो.

आणि इथंच पंचाईत झाली. तो बरा झाला.

शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिलं काय विचारलं, तर दुकानाला कुलूप कोणी लावलं. घरी आला, काठी घेऊन चालू लागला, मग काठी टाकून. निळीबाई त्याच्याकडे चोरून बघे. कुठं काही बदललंय का? काही नव्हतं. बाप्तिस्मा झालेला माणूस पूर्वीसारखाच घोरत होता, पूर्वीसारखाच चहात साखर कमी म्हणून कुरकुरत होता. आणि घरी आल्यावर पहिल्याच सकाळी, पायांत त्राण नसताना, खिडकीची चौकट धरून तो उभा राहिला आणि त्यानं डोळे मिटले.

तिच्या हातातली पळी तशीच राहिली. इतकी वर्षं त्या पुटपुटण्यात तिला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. तो त्याच्या वाटेनं प्रामाणिकपणे चाललेला माणूस होता. पण आता? तिनं घातलेलं पाणी खरं असेल, तर तो ख्रिस्ताचा झाला होता. मग रोज सकाळी तो दुसऱ्याच नावानं हाक मारत होता आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता. ज्याचं पाप नव्हतं, त्याच्या माथी तिनंच पाप मारलं होतं. आणि पाणी खोटं असेल, तर तो पुन्हा बाहेरच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तिनं त्या आठवड्यात दोन झगे इस्त्रीनं जाळले.

फादर वयानं लहान होते, तिला मावशी म्हणत. जळका झगा हातात घेऊन तेच धुलाईखोलीत आले.

“मावशी, झग्याचं जाऊ द्या. तुमचं काय जळतंय?”

तिनं हौदाच्या कडेवर बसून सगळं सांगितलं. फादर मधे बोलले नाहीत. शेवटी त्यांनी विचारलं, “काकांनी कधी म्हटलं होतं, मला बाप्तिस्मा हवाय?”

“कधीच नाही.”

“मनात असेल असं वाटलं कधी?”

“त्यांच्या मनात काय आहे ते मला स्वयंपाकघरातून ऐकू येतं, फादर. नव्हतं.”

“मग तो झालाच नाही. मोठ्या माणसाच्या इच्छेशिवाय हा संस्कार लागत नाही. तुम्ही फक्त कपाळ ओलं केलंत.”

तिला हायसं वाटायला हवं होतं. उलट तिचा चेहरा उतरला. “म्हणजे ते बुडाले?”

“कोण म्हणालं?”

“आई म्हणायची. सभेबाहेर तारण नाही.”

“आई खोटं बोलत नव्हत्या. जो कोणी तरेल तो ख्रिस्तामुळेच तरेल, हे आपण आजही मानतो. ज्याला हे कळलंय आणि तरी जो पाठ फिरवतो, त्यानं घाबरावं. पण स्वतःचा काही दोष नसताना ज्याला ही ओळख पटली नाही, जो मनापासून देवाला शोधतो, सदसद्विवेकाला कळेल तसं वागायला धडपडतो, त्यालाही देव तारू शकतो. हेही ख्रिस्तसभाच शिकवते. देवानं आपल्याला संस्कारांशी बांधलंय, मावशी. स्वतःला नाही बांधलेलं.”

“तारू शकतो, की तारतो?”

फादरांनी जळक्या झग्याची घडी घातली. “ते मला तुमच्याबद्दलही सांगता येणार नाही. माझ्याबद्दलही नाही. आशा धरायची, प्रार्थना करायची.” मग जायला निघाले आणि वळले. “पण त्यांना सांगा.”

“कशाला? झालंच नाही म्हणालात ना?”

“कपाळ त्यांचं होतं.”

तिनं त्याच संध्याकाळी सांगितलं, फादर काय म्हणाले तेही. तो चेन घासत बसला होता. ऐकताना हात थांबला नाही. ऐकून झाल्यावर थांबला.

“मी पडलेलो असताना?”

“हो.”

“आम्ही ट्यूब पाण्यात बुडवतो ती भोक शोधायला. तू माझं कुठलं भोक शोधत होतीस?”

हे त्यानं तिला हसवायला म्हटलं नव्हतं. तिनं तोंड उघडलं, पण तो हात धुवायला उठून गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खिडकीशी उभा राहिला, पण आधी दार लावून घेतलं. आपटलं नाही. हलकेच लोटलं, कडी घातली. इतक्या वर्षांत त्या दाराला कडी आहे हे तिला माहीतच नव्हतं. मग रोज तसंच. जेवताना बोले, मुलीचा फोन आला की हसे. फक्त सकाळी कडी. दवाखान्यात बसून तिनं जितकी भीती बाळगली होती, त्याहून जास्त भीती तिला त्या बारीक आवाजाची वाटू लागली. मरणानं नवरा गेला असता तर तिला रडता आलं असतं. हा घरात होता आणि आत येऊ देत नव्हता.

असे काही आठवडे गेले. एका दुपारी ती दुकानात चहा घेऊन गेली, तर फादर सायकल उलटी करून उभे होते. मागचं चाक बसलं होतं. पंक्चरवाला ट्यूब घमेल्यात फिरवत होता.

“काय काका, सापडलं?” फादरांनी विचारलं.

“सापडेल. तुमच्या निळीबाईसारखी घाई नाही मला.” बुडबुडे आले तिथं त्यानं अंगठा दाबला. “एक विचारू? तुम्ही म्हणता, मी माझ्या वाटेनं गेलो तरी पोचू शकतो. पण पोचवणारा तुमचाच. म्हणजे मी जन्मभर ज्याला हाक मारली नाही, तोच ओ देणार?”

“आम्ही असं मानतो, हो.”

“मला राग येतो याचा.”

“साहजिक आहे. तुमच्याकडे आमच्याबद्दल काय मानतात?”

पंक्चरवाल्यानं डोकं खाजवलं. “साधारण असंच. तुम्हीही आमच्याच देवाला चुकीच्या नावानं हाक मारता.”

फादर मोठ्यानं हसले. तोही हसला, नको असताना. पॅच बसवून, चाक चढवून दिलं तेव्हा फादरांनी चहा संपवला होता. सायकलवर टांग टाकता टाकता ते म्हणाले, “मला जे खरं वाटतं ते तुम्हाला सांगत राहणं माझं काम आहे, काका. चोरून द्यायचं नाही, एवढंच.”

“मग उघड्यावर सांगत जा. चहा मिळेल. पालथ्या घड्यावर पाणी होईल, पण चहा मिळेल.”

फादर गेले. निळीबाईनं कप उचलले, पण निघाली नाही.

“राग आहे अजून?”

“तू मला बाप्तिस्मा दिलास याचा राग नाही गं.” तो घमेल्यातल्या पाण्याकडे बघत होता. “रोज ऐकत होतीस ना स्वयंपाकघरातून? एवढं ऐकून तुला वाटलं, मला वर कोणी ओळखणार नाही. तुझ्या ओळखीची चिठ्ठी लागेल.”

तिचे डोळे भरून आले. “मला तुम्ही हवे होता हो. इथं नाही तर तिथं. तुम्ही एकीकडे आणि मी एकीकडे, हे मला सोसलं नसतं.”

त्यानं हात फडक्याला पुसले. रस्त्यावरून दोन-तीन सायकली गेल्या.

“मी पुन्हा पडणार,” तो म्हणाला. “कधीतरी पडणारच. तेव्हा काय करशील?”

खोटं बोलणं सोपं होतं. “हात शिवशिवतील.”

“आणि?”

“मांडीखाली दाबून बसेन. देवाला म्हणेन, हा माणूस तुला माहीत आहे, मी काय सांगू?”

“मला शुद्ध नसेल. तू पाळलंस की नाही, मला कसं कळणार?”

“नाही कळणार. विश्वास ठेवावा लागेल.”

तो तिच्याकडे बघत राहिला. मग खांदे हलले. आधी तिला वाटलं खोकला आहे, आणि ती घाबरून पुढं झाली.

“शेवटी मलाच श्रद्धा ठेवायला लावलीस,” तो हसतच म्हणाला. “बाई, तू फादरांपेक्षा वस्ताद.”

“ठेवाल का?”

“बघू या,” तो म्हणाला. पण डॉक्टरीणबाईंच्या सुरात नाही. तेवढ्यात एक गिऱ्हाईक ब्रेक लागत नाही म्हणत आत आलं, आणि तो पाना शोधू लागला.