न पुसल्या जाणाऱ्या अकरा फायली

धोक्याच्या सूचनेवर मनापासून प्रेम करणारा माणूस पृथ्वीवर एकच असावा, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीला नवरा म्हणून मिळाला. आपल्याला कॉम्प्युटरवर 'वॉर्निंग' असा शब्द दिसला की आपण तो चौकोन घालवायच्या मागे लागतो. कोपऱ्यातल्या फुलीवर बोट ठेवतो आणि सुटतो. दाजी तसे नाहीत. ते खुर्ची पुढं ओढतात, चष्मा पुसतात आणि लांबच्या नातेवाईकाचं पत्र आल्यासारखी ती सूचना सावकाश वाचतात, शेवटच्या पूर्णविरामापर्यंत. "यंत्र बिचारं सांगायलंय काहीतरी," ते म्हणतात. "आपुन ऐकून तरी घ्यावं."

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं कॉम्प्युटर सांभाळले. आता निवृत्त आहेत, पण ऐकून घेण्याची सवय निवृत्त झालेली नाही. मागच्या थंडीत त्यांना खोकला झाला. औषधाच्या बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की हे घेतल्यावर यंत्र चालवू नये. दाजींनी स्कूटर पाच दिवस झाकून ठेवली, कॉम्प्युटरला हात लावला नाही, आणि ताईनं "एवढी चटणी फिरवून द्या" म्हणून मिक्सरचं भांडं पुढं केलं तेव्हा बाटलीचं लेबल तिच्यासमोर धरलं. "मिक्सर यंत्रच हाय," ते म्हणाले. ताईनं ते पाच दिवस कसे काढले ते तिलाच माहीत. पण सहाव्या दिवशी तिनं बाटली संपायच्या आधीच फेकून दिली.

कन्नडला, म्हणजे त्यांच्याच गावाकडं, चुलत पुतणीचं लग्न होतं. मांडवात सगळे मुहूर्ताची वाट बघत बसलेले आणि दाजी एकदम उठून गेले. मी मागोमाग गेलो, तर हे मांडवामागं जनरेटरपाशी कान लावून उभे. "ह्याला दम लागायलाय," त्यांनी जनरेटरवाल्याला सांगितलं. तो तंबाखू मळत म्हणाला, "दोन वर्षं झाली, असाच चालतोय." दाजी म्हणाले, "मंग दोन वर्षं त्याचं कुणी ऐकलंच नाय." दुसऱ्या मंगलाष्टकाला जनरेटर बसला. माईक गेला, पंखे थांबले, भटजी उघड्या आवाजावर आले; पण चौथ्या मंगलाष्टकापर्यंत सगळं पूर्ववत चालू झालं, कारण दाजींनी पाने-पकडी आधीच काढून ठेवल्या होत्या आणि जनरेटरवाल्याला नवा पट्टा हातात घेऊन उभा केला होता. लग्नाच्या अल्बममध्ये ते एकाच फोटोत आहेत, आणि त्यातही त्यांच्या कपाळावर ग्रीस आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे, कुणी काय कशासाठी ठेवलंय हे कळल्याशिवाय दाजी काहीही काढून टाकत नाहीत. सिडकोतला फ्लॅट त्यांनी घेतला तेव्हा बैठकीच्या भिंतीत भलत्याच ठिकाणी एक मोठा खिळा होता. ताई म्हणाली, उपटून टाका. दाजींनी आधीच्या मालकाचा नंबर मिळवला आणि नांदेडला फोन लावला. "साहेब, तुमच्या खिळ्याबद्दल विचारायचं होतं." तिकडच्या गृहस्थांना वाटलं, घराच्या कागदपत्रांत काही घोटाळा निघाला. ते घाबरून पाचसहा मिनिटं खुलासे देत राहिले. शेवटी कळलं की तिथं कॅलेंडर टांगत होते. मग दाजींनी खिळा काढला. त्या गृहस्थांशी मात्र त्यांची जी मैत्री झाली ती झालीच; दिवाळीला दोघांचे फोन होतात आणि ताईला अजून समजत नाही की हे नक्की कोण.

अशा माणसाला आपल्या कामाच्या ठिकाणी बोलवावं की नाही, याचा मी बराच विचार केला होता. मी दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं आवाजात रेकॉर्ड करणाऱ्या एका छोट्या संस्थेत आहे. स्वयंसेवक येऊन धडे वाचतात, आम्ही ते सर्व्हरवर ठेवतो आणि मुलं आपापल्या गावाहून फोनवर ऐकतात. सर्व्हर म्हणजे कुणीतरी देणगी दिलेलं एक जुनं मशीन. माझ्याच टेबलाखाली घरघरत असतं. परीक्षेला आठ दिवस राहिले आणि त्यानं नवीन काही साठवून घ्यायचं साफ नाकारलं. जागा नाही म्हणे. राज्यशास्त्राचे शेवटचे चार धडे रेकॉर्ड होऊन पडलेले, आणि फर्दापूरची बीएची एक विद्यार्थिनी रोज सकाळी फोन करून विचारायची, "सर, पुढचा धडा चढला का?" ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. पण ती फार शांतपणे विचारायची.

पडद्यावर एक सूचना सारखी झळकत होती, मेमरीच्या अलाइनमेंटबद्दल काहीतरी. आमच्याकडे येणारा दुरुस्तीवाला म्हणाला, तिकडं बघू नका, जुन्या फायली पुसा. एका फोल्डरमध्ये नावाऐवजी नुसते आकडे घातलेल्या अकरा मोठ्या फायली होत्या, त्या कशाच्या ते कुणालाच सांगता येईना. त्यानं त्या पुसायला घेतल्या. पुसल्या गेल्या नाहीत. त्यानं सगळे अधिकार वापरून पाहिले, मशीन बंद करून चालू केलं. फायली जागच्या जागी. मग त्यानं व्हायरस असल्याचं जाहीर केलं आणि सगळी डिस्क फॉरमॅट करावी लागेल म्हणाला. दुसरी प्रत होती, पण ती दोन वर्षांपूर्वीची. म्हणजे दोन वर्षांचं वाचन गेलं असतं. आमच्या व्यवस्थापक मॅडम नुकत्याच रुजू झालेल्या. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाल्या, "उद्या दुपारपर्यंत दुसरा कुणी मिळतो का बघा. नाहीतर करू द्या त्याला."

मी दाजींना फोन केला.

ते सकाळी नऊला कापडी पिशवीत स्वतःचा कीबोर्ड घेऊन हजर झाले. दुसऱ्याच्या कीबोर्डवर त्यांची बोटं अडखळतात. बसले आणि वाचायला लागले. दहा वाजले तरी वाचतच होते. मॅडम दोनदा डोकावून गेल्या. तिसऱ्यांदा त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "हे करताहेत काय?"

"वाचताहेत," मी म्हणालो.

दाजींना ऐकू गेलं. ते खुर्ची फिरवून म्हणाले, "मॅडम, असं समजा, आमच्या कन्नडची एसटी हाय. तिघांचं कुटुंब चढलं. तिघं एका बाकड्यावर बसले, तर कंडक्टर एकदा थांबतो, तीन तिकिटं देतो, पुढं जातो. पण दोघं ह्या बाकड्यावर अन् तिसरा मागच्या बाकड्यावर बसला, तर एकाच कुटुंबासाठी त्याला दोनदा थांबावं लागतं. तिकिटं मिळतात, गाडी बी पोचते. पण कंडक्टर कुरकुरतो. मशीनचं तेच झालंय. मेमरीत माहिती बाकडं सोडून बसायली."

"मग कुरकुरू दे की," मॅडम म्हणाल्या.

"कुरकुरू द्या, माझं काय म्हणणं नाय. पण हा कंडक्टर दर कुरकुर वहीत लिहून ठिवतोय. बघा तुम्हीच."

त्यांनी सर्व्हरची नोंदवही, म्हणजे लॉगची फाइल, उघडली. तीच एक ओळ, वर, खाली, पान संपेना. अर्धी डिस्क त्या एका तक्रारीनं भरली होती. आम्ही वर्षानुवर्षं फुली मारत राहिलो आणि मशीन तितक्याच निष्ठेनं लिहीत राहिलं. मॅडम आधी गंभीर होत्या, मग त्यांना हसू आवरेना. दाजी मात्र हसले नाहीत. त्यांना त्या मशीनचं वाईट वाटत होतं.

दोष निघाला आवाजाच्या फायली दाबून लहान करणाऱ्या आमच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये. तो दुसऱ्याच जातीच्या मशीनसाठी लिहिलेला होता. दाजींनी आमच्या मशीनला चालेल असा नवा शोधून बसवला आणि मला माईकसमोर बसवून वर्तमानपत्रातला हवामानाचा अंदाज वाचायला लावला. मी वाचत होतो आणि ते पडद्याकडं बघत होते. एकही ओळ उमटली नाही. मग त्यांनी ती अवाढव्य नोंदवही पुसली, पण तिचं पहिलं आणि शेवटचं पान स्वतःच्या पेनड्राइव्हवर घेऊन. का, ते मी विचारलं नाही. दुपारी एकच्या आत चारही धडे चढले आणि वर भरपूर जागा राहिली.

"आता त्या अकरा फायली," मॅडम म्हणाल्या. "व्हायरस आहे ना?"

"व्हायरस नाय. कुणीतरी हातानं कुलूप लावलंय, पुसता येऊ नये म्हणून. काढायचं तर दोन मिनटाचं काम. पण लावणारा माणूस शहाणा होता. त्यानं का लावलं, ते कळलं पायजे."

कुलूप लावणाऱ्याचं नाव फाइलपाशीच नोंदलेलं होतं: नसरीन. माझ्याआधी ती इथं ऑपरेटर होती. लग्न होऊन जालन्याला गेली. नंबर माझ्याकडं होता. दाजींनी फोन स्पीकरवर टाकला आणि अगदी खिळ्याबद्दल विचारावं तशा नम्रपणे विचारलं. पलीकडं ती हसायला लागली.

"फाइलां हैं क्या अब तक?" ती म्हणाली. "लासूरच्या बाईंच्या आहेत त्या. भूगोल."

लासूर स्टेशनला राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका दर गुरुवारी रेल्वेनं इथं येऊन वाचायच्या, असं तिनं सांगितलं. त्यांची भाषा शुद्ध नाही, आणि त्या पुस्तकाबाहेरचं फार बोलतात, असं तेव्हाच्या समितीला वाटलं. धडे काढून टाका, दुसऱ्याकडून वाचून घ्या, असा निरोप आला. "बाईंना कुणी काही सांगितलं नव्हतं, सर. त्या तशाच यायच्या, डब्यात माझ्यासाठी धपाटे घेऊन. मेरेकू दिलच नै हुआ. मी कुलूप लावलं अन् तेव्हाच्या साहेबांना बोलले, डिलीट होतच नै, मशीन मानतीच नै. झूट बोली मैं." मग म्हणाली, "त्याच साली बाई गेल्या."

दाजी मॅडमकडं वळले. "तुम्ही म्हणाल तसं करतो. पण आधी ऐकू."

त्यांनी पहिली फाइल लावली. घसा साफ केल्याचा आवाज आला, मग एक ठसठशीत, थोडा खरखरीत आवाज. धडा नद्यांचा होता. दोन वाक्यं पुस्तकातली झाली आणि बाई थांबल्या. "इथं पुस्तकात नकाशा हाय. तुमाला दिसत नाय, तर नाय. आपुन दुसरा घेऊ. उजवा हात पुढं करा. मनगट माझ्याकडं नाय, तुमच्याकडंच. तळहातावर आडवी रेघ लागती का बोटाला? तीच गोदावरी. आता डाव्या हाताचं बोट तिच्यावरनं हळू फिरवा. घाई नाय करायची, नदी लई लांब जाती."

मी पाहिलं तर मॅडमनी हात पुढं केला होता. माझाही हात टेबलावर होता. दाजी डोळे मिटून स्वतःच्या तळहातावर बोट फिरवत होते, पैठणपर्यंत आले तिथं बाईंनी थांबायला सांगितलं म्हणून थांबले, आणि नांदेड आलं तेव्हा उगीच मान डोलावली.

"राहू द्या," मॅडम म्हणाल्या. "आणि मुलांच्या यादीत लावा."

संध्याकाळी फर्दापूरचा फोन आला. चारही धडे मिळाले होते. "आणि सर, ते भूगोलाचं कुणी वाचलंय? माझ्या परीक्षेला नाहीये, पण मी अख्खा पहिला धडा ऐकला," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिच्या आवाजात घाई होती.

त्या दिवशी दाजी मला स्कूटरवरून घरी सोडत होते. क्रांती चौकात सिग्नल लागला. एरवी ते सिग्नलला उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीच्या इंजिनावर मत देतात. त्या दिवशी एकाही गाडीकडं बघितलं नाही. मग मान न वळवता म्हणाले, "पाहुणे, आमची आई असंच बोलायची. 'नाय करायची', 'लई लांब'. अगदी असंच. फोटो हायत तिचे दोन. आवाज कुठंच नाय." सिग्नल हिरवा झाला, मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दिला, तरी ते थोडा वेळ तसेच उभे होते.

आता ते आठवड्यातून एकदा आमच्याकडं येतात. मशीन ठणठणीत आहे, ते त्यांनाही ठाऊक आहे. तरी एकदा वाकून बघितल्यासारखं करतात आणि मग कानाला हेडफोन लावून कोपऱ्यात बसतात. मी एकदा म्हणालो, "दाजी, सगळ्या फायली तुमच्या फोनमध्ये टाकून देऊ का? घरी निवांत ऐका." त्यांनी हेडफोन एका कानावरून जरा बाजूला केला. "नको," ते म्हणाले. "अकराच हायत. पुरवून ऐकायच्यात." अर्धा धडा झाला की ते थांबवतात, हेडफोन नीट गुंडाळून ठेवतात आणि घरी जातात. सध्या सातवी चालू आहे.