क्लच त्याचा, गियर माझा

फोन आला तेव्हा मी बीडला पंपावर पेट्रोल भरत होतो. पंपावरचा माणूस म्हणाला, "साहेब, झिरो बघा," आणि मी झिरो बघत असतानाच उत्तमच्या मुलीचा, मनीषाचा आवाज कानात आला. "काका, अण्णा गेले." दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही, एवढंच तिला सांगता आलं. मी म्हणालो, "बरं." अशा बातमीवर माणसानं काय म्हणायचं असतं ते मला अजून कळलेलं नाही; मी "बरं" म्हणालो आणि गाडीत येऊन बसलो. चावी फिरवली आणि माझा उजवा हात गियरकडे गेला. ड्रायव्हरच्या जागी बसलेल्या माणसाचा गियरवर डावा हात जातो, हे शेंबडं पोरही सांगेल. पण माझा उजवा गेला आणि तसाच तिथं राहिला... मागच्या जीपवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तेव्हा मी भानावर आलो. ह्या उजव्या हाताची गोष्ट सांगायची तर उत्तमची सगळीच सांगावी लागेल.

उत्तम तेलगावचा. ऊस-कापसाचं भरपूर रान, गोठ्यात म्हशी, थोरला भाऊ राजकारणात. दारापुढं पांढऱ्या जीपगाड्यांची रांग, एकेक अशी की आत चढायला शिडी लावावी. मला ह्या गाड्यांचा मनापासून राग आहे. गावातल्या बोळात त्या आडव्या उभ्या करतात, आणि त्यातून उतरणारा माणूस गावावर उपकार केल्यासारखा उतरतो. अशा घरात उत्तमनं एक दिवस पुण्याहून लाल रंगाची एक छोटीशी गाडी आणली. अंग छोटं, इंजिन भलतंच तगडं, शौकीन लोक हॉट हॅच म्हणतात ती जात. भावानं तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "बाकीची कुठं हाय?" उत्तम म्हणाला, "बाकीची लागतच न्हाई." त्या गाडीला क्लच नव्हता. स्टिअरिंगच्या मागं दोन बाजूंना दोन पाती होती, त्यांना पॅडल म्हणतात. उजवं बोटानं ओढलं की गियर वर, डावं ओढलं की खाली.

माझं बीडला कापडाचं दुकान. गाडी त्याच जातीची, पण जुनी, करडी आणि क्लच-गियरची. आमची गाठ पडली ती मांजरसुंब्याच्या एका हॉटेलात, रविवारी सकाळी. तिथं आमच्यासारखे चार-पाच वेडे जमायचे, त्यात एक दातांचा डॉक्टर होता, तो ज्याचा चहा पिईल त्याची बाजू घ्यायचा. वाद एकच, पॅडल खरं की गियर खरा. आणि आमचा एक नियम होता, तो कधी कुणी मोडला नाही. ज्याला तोंड उघडायचं असेल त्यानं आधी समोरच्याची गाडी कपिलधारच्या उतारावरून खाली न्यायची आणि वर आणायची, मगच बोलायचं. त्यामुळं आम्ही एकमेकांना नावं ठेवायचो ती अनुभवानं. उत्तम माझ्या गाडीतून उतरला की डावा गुडघा चोळत म्हणायचा, "दुकानदारा, वळणात असताना एक हात कावून सोडायचा बे? दोन हात देवानं दिलेत, दोन्ही स्टिअरिंगवर ठेव." मी म्हणायचो, "आणि डाव्या पायानं काय करू? ताल धरू?" तो म्हणायचा, "धर की. गाणं लाव अन् धर." मी त्याला सांगायचो, तुझी गाडी तुला विचारत नाही, तिचं तीच ठरवते, तू नुसता अर्ज करतोस. एकदा मार्चच्या उन्हात आष्टीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागं रांगत असताना त्याचा तो शहाणा गियरबॉक्स तापला आणि गाडी रुसून बसली. सगळ्या जिल्ह्यात तिला हात लावणारं कुणी नाही. आम्ही जवळच्या रसवंतीत बसलो. मी काही बोलणार त्याआधीच त्यानं बोट वर केलं, "गप. तिला गार हू दे." मी हसून हसून रस सांडला.

पण एक गोष्ट मी तेव्हाही कबूल करायचो, आजही करतो. उत्तम गाडी चालवायचा तेव्हा शेजारी बसून बघत राहावंसं वाटायचं. कपिलधारचा उतार तसा मोठा नाही, पण वळणं खोटी आहेत, आत गेल्यावर आवळत जातात. हा माणूस वळणाच्या आधी डावं पॅडल ओढायचा, इंजिन एकदा गुरकायचं, आणि गाडी अशी बसायची जमिनीला की मांडीवरची चहाची किटली हलू नये. बोलायचा नाही, घाई नाही, चेहऱ्यावर आडदांडपणा नाही. मला वाटायचं, हे शिकून येत नाही. आणि मग मला त्याचा राग यायचा, कारण एवढी जाण असलेला माणूस पॅडलवर वाया चालला होता!

एका वर्षी दिवाळीनंतर कडबाकुट्टीच्या यंत्रात त्याचा डावा हात गेला. म्हशींसाठी कडबा तोडताना पेंढी अडकली, त्यानं हातानं ढकलली. आमच्या भागात हे नवीन नाही, गावोगावी एखादा तरी असा हात दिसतो. मनगटापासून गेला. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा वहिनी बाहेर बाकावर बसल्या होत्या. "भावजी, तुमी बोला त्यांच्याशी, कुणाशीच बोलंनात," म्हणाल्या. मी आत गेलो, काय बोलायचं ते ठरवत खुर्ची ओढली. त्यानं डोळे उघडले, मला नीट पाहून घेतलं, आणि म्हणाला, "डावं पॅडल गेलं बे, दुकानदारा." मला हसू आलं आणि त्याच दमात रडूही. तो पुढं म्हणाला, "आता माझी गाडी नुसती वर चढणार. खाली उतरवायची कशी?"

ते खरं होतं. घरी आल्यावर त्यानं उजवा हात पलीकडं नेऊन डावं पॅडल ओढून पाहिलं. तेवढ्यात स्टिअरिंग मोकळं राहायचं. दातांचा डॉक्टर म्हणाला, "ऑटोवर टाक की, गियर ती तिची तिची बदलंल." उत्तम म्हणाला, "मग मी काय करू? मागं बसू?" आणि खरंच तो मागं बसू लागला. भावानं एक पांढरी जीप आणि ड्रायव्हर दिला. लाल गाडीवर ताडपत्री आली. एकदा बीडच्या बाजारात मला ती जीप दिसली. काच वर, मागच्या सीटवर उत्तम, बाहेर बघत होता पण कशाकडेच बघत नव्हता. मी हात केला, त्यानं पाहिला नाही. हात गेला ते त्यानं पेललं होतं. पण कुणीतरी आपल्याला घेऊन चाललंय, हे त्याला संपवत होतं, आणि घरात ते कुणाला दिसत नव्हतं, कारण त्या घरात मागं बसणं हाच मान होता.

म्हणून एका रविवारी मी तेलगावला गेलो आणि त्याला माझ्या गाडीत घातलं. मांजरसुंब्याला चहा झाला. कपिलधारच्या फाट्यावर तो म्हणाला, "थांबव." मला वाटलं, त्याला बरं वाटत नाही. तो उतरला, माझ्या बाजूला आला, दार उघडलं. "सरक."

"येडा हायस का? गियर कोण टाकणार?"

"तू. पाय दोन्ही शाबूत हायत माझे. क्लच माझा, गियर तुझा. सरक."

मी डाव्या सीटवर गेलो. पहिल्या दिवशी आम्ही जे केलं त्याला गाडी चालवणं म्हणता येणार नाही. तो क्लच दाबायचा आणि ओरडायचा, "दोन!", मी दचकून तीन टाकायचो, गियरबॉक्स दात खायचा, गाडी उड्या मारत बंद पडायची. "दुकानदारा, कापड फाडतोस का गियर टाकतोस?" मी म्हणायचो, "क्लच पुरता दाब आधी, पॅडलवाल्या!" रस्ता मोकळा होता, एक मोटारसायकलवाला तेवढा आम्हाला बघत बघत गेला. कायद्याला हे पटलं नसतं हे दोघांनाही कळत होतं. म्हणून आम्ही जायचो ते सकाळी लवकर, यात्रेचे दिवस सोडून, बैलगाडीच्या थोडं पुढच्या वेगानं. पुढच्या रविवारी त्यानं घरून ट्रॅक्टरची मूठ आणली. ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगला एका हातानं फिरवायला जी गोल फिरती मूठ असते ती. माझ्या इतक्या जपलेल्या स्टिअरिंगवर त्यानं ती पान्यानं आवळून बसवली. मला विचारलंसुद्धा नाही.

हळूहळू आकडे ओरडणं कमी झालं. आधी तो नुसतं "हं" म्हणायचा. मग तेही बंद झालं. मी इंजिन ऐकायला शिकलो. माझीच गाडी, इतकी वर्षं चालवलेली, पण तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता, कारण आता माझ्याकडं दुसरं कामच नव्हतं. आवाज जड झाला की माझा हात सज्ज व्हायचा, त्याचा गुडघा खाली जायचा आणि गियरची दांडी आपोआप सरकायची. कधी कधी कोण आधी हललं ते आम्हालाही सांगता यायचं नाही.

आणि मग तो दिवस. पावसाळा सरत आलेला, डोंगर हिरवे, रस्ता ओला. तिसऱ्या वळणाच्या आत गेलो आणि समोर सगळा रस्ता भरून मेंढ्या. आकडा ओरडायलाही वेळ नव्हता. मला आठवतो तो त्याचा गुडघा, माझा हात, इंजिनाची एक गुरकी, आणि गाडी कशी जमिनीला बसली ते... अगदी तशीच, त्याची लाल गाडी बसायची तशी. शेवटच्या मेंढीच्या मागं आम्ही अलगद उभे राहिलो. तिनं मान वळवूनही पाहिलं नाही. मेंढपाळ काठी टेकत जवळ आला. खाली वाकून त्यानं आत पाहिलं, मुठीवरचा एक हात, गियरवरचा दुसऱ्याचा हात, आणि म्हणाला, "दोघं मिळून एकच गाडी हाकताव व्हय?" उत्तम म्हणाला, "व्हय." "मंग बरी हाकताव," म्हणत तो मेंढ्यांमागं गेला.

माझ्या अंगावर काटा आला होता. देवळात कधी येत नाही असा. दोन वेगळी माणसं, दोन वेगळी मतं, आणि एका क्षणात एकच ड्रायव्हर झालो होतो. हे कसं होतं मला माहीत नाही, मी फक्त ते घडताना तिथं बसलो होतो. मेंढ्या गेल्यावर उत्तम म्हणाला, "पॅडलला हे जमलं नसतं." हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकायला मी किती वर्षं वाट पाहिली होती! पण मी म्हणालो, "गियरलाबी न्हाई बे. एकट्या गियरला न्हाई." मांजरसुंब्याला परत आल्यावर डॉक्टरनं विचारलं, आज वाद कुणी जिंकला? आम्ही दोघांनीही त्यालाच चहा पाजला.

त्यानंतर तो जीपमध्ये पुढं, ड्रायव्हरशेजारी बसायला लागला. भावाला ते आवडलं नाही. मला वहिनींनी सांगितलं की जेवताना उत्तमचा डावा पाय टेबलाखाली क्लच दाबल्यासारखा हलत असतो. आमची शेवटची भेट त्याच्या जायच्या आधीच्याच रविवारची. तेलगावला सोडलं तेव्हा दार लावता लावता म्हणाला, "तीनवरून दोनला येताना आज घाई केलीस." मी म्हणालो, "तू क्लच उशिरा दाबलास." त्यानं हात हलवून माझं म्हणणं उडवून लावलं आणि आत गेला. तेवढंच.

तेराव्यानंतरही मनीषा थोडे दिवस राहिली. ती पुण्याला नोकरी करते, लाल गाडी आता तीच नेणार. मी मात्र दुकान ते घर एवढीच गाडी चालवत होतो. फाट्याकडं वळवत नव्हतो. मुठीला सारखा हात अडकायचा, मेकॅनिक म्हणाला काढून टाकू, मी त्याच्यावर खेकसलो. मग एका रविवारी सकाळी मनीषा दुकानाच्या दारात उभी. "काका, अण्णा फोनवर सगळं सांगायचे. तुमच्या गाडीनं कपिलधारला जाऊ. चालवणार मी."

मी डावीकडं बसलो. पोरगी चांगली चालवते, दोन्ही हातांनी, नीट. पहिली दोन वळणं मी मांड्यांवर हात ठेवून बाहेर बघत काढली. तिसऱ्या वळणाआधी इंजिनाचा आवाज जड झाला आणि माझा उजवा हात गेला. दांडीवर तिचा हात होता, त्यावर माझा पडला. मी चटकन मागं घेतला. "बाळा, सवय लागलीय गं..."

 तिनं डावा हात दांडीवरून उचलला आणि मांडीवर ठेवला. उजवा हात मुठीवर नेला. मग तिचा डावा गुडघा खाली गेला. मी दोन टाकला.